गफूरचाचांचा गंधार

गफूरचाचांच्या अंगात तीन यंत्रं होती: डावा कान, उजवा कान आणि हाताचा कंप थांबवणारी मनगटातली चकती. तिन्हींच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या, पण मिरजेच्या या तंबोरे घडवणाऱ्या कारागिराने त्यांना चालवणारी पायथॉन पॅकेजेस एकाच सामायिक जागेत भरली होती. सकाळी उजव्या कानासाठी एक पॅकेज अद्ययावत केलं, आणि डावा कान बंद पडला, हात थरथरू लागला. संध्याकाळी गवई तंबोरा न्यायला येणार होते.

"चाचा, सगळं एकातच कोंबलंत?" शेजारची इरावती लॅपटॉप उघडत म्हणाली.

"मला वाटलं, तीन सुना एका घरात नांदतील!"

"आता चुली वेगळ्या मांडू."

तिने प्रत्येक यंत्राला त्याच्या सिस्टिमच्या रीतीने स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून दिलं आणि ज्याला हवी ती आवृत्ती त्यातच बसवली. थरथर थांबली. चाचांनी घोडीवर तारेखाली असलेला, नाद खुलवणारा जवारीचा दोरा केसभर सरकवला, खर्जाची एकच तार छेडली.

"दोन्ही कानांनी ऐकू येतोय, पोरी," ते कुजबुजले.

इरावतीने कान तारेजवळ नेला. कुणीही न छेडलेला गंधार त्या तारेतून वर चढत होता. तिने लॅपटॉपवरचं कंपनसंख्या दाखवणारं मीटर पाहिलं. खर्ज ६९ हर्ट्झ, गंधार ३४५: बरोबर पाचपट.