उचललेला घोडा

टेलरमास्तरांनी घोडा उचलला आणि हात हवेत असतानाच त्यांच्या लक्षात आलं, घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडतो. गुपचूप त्यांनी घोडा जागच्या जागी ठेवला, एक प्यादं पुढे सरकवलं आणि घड्याळ दाबलं.

समोर दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं. ज्याला हात लावला तोच मोहरा खेळायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दोघं अगदी तोडीस तोड. एका स्पर्धेत बाई जिंकायच्या, पुढच्या स्पर्धेत मास्तर. पण दुखण्यातून उठल्यापासून मास्तरांच्या हाताला कंप सुटायचा. दुकानात मुलगा कात्रीला हात लावू देत नव्हता. घरी चहाचा कप अर्धाच भरून यायचा. बायको, भाऊ, शेजारी, सगळे त्यांच्याशी बुद्धिबळात मुद्दाम हरायचे, आणि तेही इतकं ढोबळपणे की मास्तरांना रडू यायचं. आपला हात कायमचाच गेला का, एवढं एक कुणीतरी खरं सांगावं असं त्यांना फार वाटे.

पंच जुने, मायाळू. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून ते बाईंना म्हणाले, दुखणाईत माणूस आहे, थरथरता हात चुकून लागला असेल, जाऊ द्या. शेजारच्या टेबलावरच्यांनीही माना डोलावल्या. मास्तरांनी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी वजीर वाचत होता.

"चुकून नाही लागला," बाई म्हणाल्या. "थरथरता हात मला कळतो हो, माझा धंदाच हाताचा आहे. मास्तरांचा हात अगदी स्थिर होता. त्यांनी विचार करून घोडा उचलला."

काय ही बाई, असं कुणीतरी पुटपुटलं. मास्तर मात्र आपल्या हाताकडे बघत राहिले.

"खरंय त्यांचं," ते म्हणाले. "उचलला होता मी घोडा."

घोडा हलला, वजीर गेला, आणि पुढे बाईंनी जराही दयामाया न दाखवता मात केली. उठताना मास्तरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. फार उपकार झाले, एवढंच त्यांना बोलता आलं. बाई बुचकळ्यात पडल्या.

बाहेर येऊन मास्तरांनी घरी फोन लावला.

"हरलो गं," ते म्हणाले.

त्यांचा खुललेला आवाज ऐकून बायकोने घरभर ओरडून सांगितलं, जिंकले म्हणून.