बदकाची शेवटची ओळ

ओठांत क्लॅरिनेटची ओली रीड, वेताची पातळ पट्टी. खुर्चीवरून लोंबणारे पाय. बदकाचं बडबडगीत. क्लॅरिनेट शिकवताना मास्तर अशीच तोंडपाठ गाणी द्यायचे. बोट चुकलं की कानच चिमटा काढतो. ही चिमुरडी शेवटच्या ओळीत हमखास वरच्या सुरावर चढायची. “अगं, बदक पाण्यात उतरतं, झाडावर चढत नाही!” मास्तरांनी महिनाभर ओळ घोटून घेतली. आज वडील न्यायला आले. ओळ अलगद खाली उतरली. मास्तर मिशीत हसले. वडिलांचा चेहरा पडला. “आधीसारखं वाजव ना, छकुले.” तिनं दोनदा फुंकून पाहिलं. “बाबा, ते आता येतच नाही.” वडील म्हणाले, “तिची आई तसंच चुकीचं गायची, मास्तर. माझा गळा बेसूर. ती गेल्यावर तेवढंच उरलं होतं.” मास्तर क्लॅरिनेट घेऊन मुद्दाम तसंच चुकायला गेले, बोटं बरोबरच पडत राहिली. मास्तरांना आठवलं, पहिल्यांदा ती ओळ तिनं डोळे मिटून वाजवली होती.