मदतीचं बटण

"कपाटाची किल्ली द्या जरा," तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी हजेरीपत्रकातून मान वर केली. "कपाटात जुने नकाशे आहेत. तुम्हाला नकाशे हवेत?"

"टॅब हवेत. तीस."

"ते वर्गात आहेत. मुलांच्या हातात. टॅब आणखी कुठे असतात?"

तो ओशाळला. हे टॅब गेल्या जूनमध्ये त्यानंच एका दुपारी बसवून दिले होते. पहिल्यात सगळं भरलं आणि बाकीच्या एकोणतीसमध्ये तेच उतरवलं. वायरींचं भेंडोळं गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या या माणसाला मुलांनी तासाभरात नाव दिलं होतं, चार्जरकाका. बाकीच्या शाळांतून कंपनीच्या ऑफिसला रोज तक्रारींचे फोन येत. या शाळेतून वर्षभरात एकही नाही. साहेब म्हणाले होते, "धूळ खात पडले असणार. वापरत नसतील तर उचलून आण."

वर्गाकडे जाताना ताईचा फोन आला. तो जिन्यापाशी थांबला.

"शनिवारी सकाळची गाडी सांगितली आहे," ताई म्हणाली. "वृद्धाश्रमवाले म्हणतात, बारापर्यंत या. बाबांना तूच सांग रे, माझ्याच्यानं होणार नाही."

"जरा घाई नाही का होत?"

"घाई? शेजारच्या काकू म्हणतात, दिवसभर भिंतीपलीकडून आवाज येतो. एकटेच बोलतात, एकटेच हसतात. परवा म्हटलं, चार दिवस माझ्याकडे चला. तर म्हणाले, नको, मुलं वाट बघतात."

"कुठली मुलं?"

"मला विचार. शाळेत शिकवणं सोडून नऊ वर्षं झाली त्यांना. तुला तरी काही बोलले का?"

"मी लावतो गं फोन कामाच्या मध्ये. सारखा एंगेज."

"रिसीव्हर वाकडा ठेवत असतील. तेच म्हणते मी. उद्या गॅस उघडा राहिला तर?"

"येतो शनिवारी," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

चौथीचा वर्ग भरलेला होता. टॅबांच्या कव्हरांचे कोपरे झिजून दोरे निघाले होते, काचांवर बोटांचे ठसे. चार्जरकाकाला बरं वाटलं. हातच्या वस्तूला वापराचा मळ चढलेला त्याला फार दिवसांनी दिसत होता.

खिडकीपाशी मात्र चार मुलं रांगेत उभी होती. पुढची चिमुरडी कानाला हेडफोन लावून खुदुखुदू हसत होती.

"हे काय?"

"मदतीचं बटण," मोठ्या बाई म्हणाल्या. "अडलं की दाबायचं."

तो दचकला. बाकीच्या शाळांत ते बटण दाबलं की ऑफिसचा फोन लागे आणि नुसतं संगीत वाजत राही. मुलांनी कधीच नाद सोडला होता. "उत्तर मिळतं?"

"म्हणजे काय! गुणाचं आहे हो तुमचं मशीन. एका वेळी एकालाच घेतं, म्हणून ही रांग. दुपारी एक ते दोन मिळत नाही. म्हटलं असू दे, मशीनलाही विसावा हवा."

ऑफिसनं नवीन काही घातलं असेल, त्याला वाटलं. आपल्याला कोण सांगतंय.

"शिकवतं कसं?"

"आधी गोष्टीत नेतं. हसवतं, एखाद्या वेळी डोळ्यांत पाणी आणतं, आणि पोरांना कळायच्या आत भागाकारावर आणून सोडतं. मी तीस वर्षं शिकवते आहे. माझ्या हातून नाही झालं ते." बाईंच्या बोलण्यात असूया नव्हती. घरचंच कुणी पहिलं आल्यासारख्या त्या सांगत होत्या.

चिमुरडी हेडफोन काढून सतराचा पाढा गुणगुणत जागेवर गेली. चार्जरकाकाचं बोट बाकावर ठेका धरू लागलं. चाल ओळखीची होती. पाढ्यांच्या चाली काय, सगळ्या सारख्याच, असं म्हणून त्यानं बोट आवरलं.

नवीन काय घातलंय ते बघावं म्हणून त्यानं एक रिकामा टॅब घेतला आणि कंपनीच्या परवलीच्या शब्दानं आतलं पान उघडलं. नवीन काहीच नव्हतं. मग त्यानं मदतीच्या बटणाची चौकट उघडली.

गेल्या जूनमध्ये ऑफिसचा नंबर ठरायचा होता, आणि चौकट रिकामी ठेवली की टॅब पुढे सरकत नव्हता. त्यानं तात्पुरता, लहानपणापासून तोंडपाठ असलेला एक नंबर घातला होता. नंतर बदलू म्हटलं होतं आणि विसरला होता.

चौकटीत तोच नंबर होता.

त्यानं चौकट होती तशीच बंद केली. मग त्यानं ताईला निरोप पाठवला, 'शनिवारची गाडी रद्द कर. रात्री बोलतो.' आणि उठून रांगेत शेवटी उभा राहिला.

"काका, तुमचंही अडलं?" पुढच्या मुलानं विचारलं.

"हो रे."

"मग नीट विचारा. आणि मध्येच जांभई देऊ नका, सरांना कळतं."

"सरांना?"

"बाई मशीन म्हणतात," मुलगा आवाज खाली आणून म्हणाला. "म्हणू देत. मशीनला कधी खोकला येतो का?"

रांग हळूहळू सरकली. कुणीही त्याला पुढे जाऊ दिलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही. पाळी आल्यावर त्यानं हेडफोन कानाला लावले आणि बटण दाबलं. दोनदा घंटी वाजली.

"हं, बोल बाळा," पलीकडून आवाज आला. "कुठे अडलंय?"

त्यानं घसा साफ केला.

"शनिवारी किती वाजेपर्यंत असते तुमची शाळा, बाबा?"