दादाची मोटार

“दादा, तुझ्या हातात मोटार बसवलीय का रे?” पेडगावच्या भरल्या जीपमध्ये, मैत्रिणींच्या पैजेपायी, राजेश्रीनं विचारलं होतं. किडन्या निकामी झालेल्या तिच्या दादाच्या, महारुद्रच्या मनगटाशी डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर गुरगुरायची. घरी तो हाच हात तिच्या कानाला लावून म्हणायचा, “ऐक माझी मोटार!” दोघांतलं गुपित तिनंच फोडलं. जीपमध्ये हशा पिकला, शेजारची बाई “ह्याची लागण होतीय का?” म्हणत सरकून बसली. तेव्हापासून महारुद्र उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. आज डायलिसिसचा वार. जीप हॉर्न वाजवून गेली, तो उठलाच नाही. पाय टम्म सुजलेले. “लय थकलोय,” म्हणाला. राजेश्रीनं बाहीवरूनच कान टेकवला. मोटार चालू होती. दादानं तोंड फिरवलं. ती उठली. “आई, आण्णा, शाळा बुडू द्या. दुपारच्या जीपनं दादासंगं मी जाणार, त्याच्या अन् लोकांच्या मधी मीच बसणार.”