हिरव्या ओळी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एक ओळ लाल झाली आणि काकूंच्याही आधी प्रमुख डॉक्टरांनी फोन उचलला. रुग्णाचं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. दोन मिनिटांत वॉर्डात निरोप पोचला.

"वा," डॉक्टर म्हणाले. "कालपर्यंत हे शोधायला दोनदा चष्मा पुसावा लागायचा."

ते खरंच होतं. कालपर्यंत प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप केली, की काळ्या पडद्यावर कंस, स्वल्पविराम आणि आकड्यांचा नुसता गुंता पडायचा. तो न चुकता सोडवणाऱ्या एकट्या काकू, इथे तीस वर्षं काम करणाऱ्या तंत्रज्ञ. नव्याने आलेल्या प्रोग्रामर मुलीने तीन आठवडे खपून त्याच माहितीचा देखणा तक्ता केला होता. सरळ रकाने. प्रमाणाबाहेर ते लाल, ठीक ते हिरवं. लांबलचक नावं तीन ठिपके देऊन छाटलेली. दुपारी एकला जुना गुंता कायमचा बंद होणार होता आणि मुलीची नोकरी पक्की होणार होती.

काकू मात्र सकाळपासून हूं की चूं न करता पडद्यासमोर बसल्या होत्या. नवं काही त्यांच्या पचनी पडत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. मुलीलाही तसंच वाटलं, आणि ते तिला लागलं.

पाऊण वाजता काकूंनी एका हिरव्या ओळीवर बोट ठेवलं. हिमोग्लोबिन साडेबारा.

"ह्या ठिपक्यांच्या मागे काय आहे गं?"

"नावाचा शेवट, काकू. बाईंचं नाव रकान्यात मावेना. रिपोर्ट ठीक आहे त्यांचा."

"उघड बघू."

मुलीने रकाना रुंद केला. बाईंच्या पूर्ण नावापुढे दोन शब्द निघाले: 'यांचं बाळ'.

नाव ठेवेपर्यंत नवजात बाळाची नोंद आईच्याच नावाने होते. हे पोर दोन दिवसांचं होतं. आईला साडेबारा चालले असते, त्याला ते फार कमी होते. तक्ता वय बघतच नव्हता. त्याने बाळाला मोठ्या माणसाचं माप लावलं होतं.

काकूंनी फोन केला. बाळावर उपचार सुरू झाल्याचं कळेपर्यंत मुलगी फोनपाशीच उभी राहिली.

"काकू, काढून टाकते मी हे रंग."

"खुळी आहेस का? वय शिकव त्याला, पण रंग राहू देत. फार छान केलंयस. लाल दिसलं की आता सगळेच धावतात, तिकडे मला बघावंच लागत नाही. म्हणून तर सकाळपासून मी नुसत्या हिरव्या ओळी वाचत बसलेय."