टोचण्याआधी

"आटप लवकर, चिंगे. तुझी वहिनी येईल एवढ्यात," दादा म्हणाला आणि डाव्या हाताने शर्टाची बाही वर सारू लागला.

चिंगीने सिरिंज पुन्हा उजेडात धरली. बुडबुडा नव्हता. प्रयोगशाळेत ती रोज उंदरांना टोचायची. माणसाला, त्यातून सख्ख्या भावाला, ती आज पहिल्यांदाच टोचणार होती आणि तेही चोरून. औषधाची बाटली तिने जेवणाच्या डब्यात, बर्फाच्या खड्यांत दडवून आणली होती. कळलं तर नोकरी जाणार होती. काही बरंवाईट झालं तर काय, हा विचार तिने मनाशीही पुरा होऊ दिला नव्हता.

पण दादाचे हाल बघवत नव्हते. तो खिडक्यांना काचा बसवणारा. एक मोठी काच निसटली आणि उजव्या मनगटातला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला. चार महिने झाले, तरी अंगठा आणि शेजारची बोटं नुसती लाकडं. वर मनगटात अशी आग, की चादर घासली तरी तो कळवळायचा. मागच्या तपासणीत डॉक्टरांनीही हात टेकले. वहिनी तेवढी ऐकायला तयार नव्हती. रोज सकाळी ती त्याची बोटं एकेक करून उघडायची, मिटायची.

आत काय चाललंय ते चिंगीला पाठ होतं. मज्जातंतू तुटला की शरीराच्या रक्षक पेशी रसायनांच्या हाका घालतात. सायटोकाइन म्हणतात त्यांना. ती हाक ऐकून मज्जातंतूच्या सोबतीच्या पेशी, ग्लिया, कामाला लागतात. मोडतोड झाडून काढतात, नव्या तंतूला वाट करून देतात. पण काही जणी मग थांबायचं नावच घेत नाहीत. पाठीच्या कण्यात बसून दुखण्याची बोंब मारत राहतात. बाटलीतलं औषध ती हाकच बंद करायचं. ते दिलेले उंदीर शांत झोपत. फक्त त्यांच्या पंज्याची बोटं पुन्हा कधी फाकली नाहीत. हाक बंद म्हणजे झाडलोटही बंद.

तिने हे दादापासून लपवलं नव्हतं.

"हात तसाही गेलाय ना?" तो म्हणाला होता. "मग निदान झोप तरी दे मला."

तिने दंडावर कापूस फिरवला. जिन्यावर पावलं वाजली. चिंगीने सिरिंज पाठीमागे लपवली. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.

सुई कातडीला टेकवली आणि ती थांबली. औषधाआधी चाचणी. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर ही सवय अशी अंगात मुरली होती, की चोरी करतानाही सुटेना. तिने सिरिंज खाली ठेवली आणि पिशवीतून दांडीला चिकटवलेला नायलॉनचा बारीक केस काढला. उंदराच्या पंज्याला तो टेकवायचा आणि पंजा मागे जातो का ते पाहायचं.

"आता हे काय नवीन?"

"डोळे मीट. मिनिटभर."

"मी काय उंदीर आहे का गं?"

"उंदीर परवडले. बडबड तरी करत नाहीत."

तिने अंगठ्याच्या टोकाला केस टेकवला. काही नाही. तर्जनीच्या टोकाला. काही नाही. ठरलेलंच होतं ते. तर्जनीच्या बुडाशी टेकवला, आणि दादा किंचाळून उठला.

"अगं ए बये! सांगून तरी टोचायचंस!"

"कुठे टोचलं?"

"इथे!" डोळे न उघडताच त्याने डाव्या हाताने नेमकी जागा दाखवली. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी याच जागी टाचणी खुपसली होती, तेव्हा त्याला पत्ताही लागला नव्हता.

चिंगीने सिरिंज उचलली, सगळं औषध मोरीत सोडून दिलं आणि रिकामी सिरिंजही तिथेच टाकली.

"वेड लागलं का तुला? माझं औषध!"

"दादा, ही जागा मेली होती," ती कशीबशी म्हणाली. "मेलेलं दुखत नाही. तंतू इथवर चालत आलाय. त्याची वाटच मी आत्ता बंद करणार होते." ती तिथेच जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

कुलपात किल्ली फिरली. वहिनी आत आली. रडणारी नणंद, मोरीतली सिरिंज आणि हात घट्ट धरून बसलेला नवरा, ज्याच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"काय झालं? फार दुखतंय का हो?"

दादाने उजवा हात तिच्यापुढे धरला.

"दुखतंय! ये, तूही टोचून बघ."