बस्त्याचा शालू

धनाजी नवरीचा शालू नेसून उभा होता, तेवढ्यात त्याची आई दुकानात शिरली.

तशी नेसण्याची त्याला सवय होती. सांगलीतल्या त्या साडीच्या दुकानात चार वर्षं तो हेच करत होता. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, धनाजीनं शर्ट-पँटीवरूनच साडी गुंडाळायची, पदर घ्यायचा आणि लाजल्यासारखं उभं राहायचं. उंची चांगली, कंबर बारीक. भरतीत दोन सेंटिमीटरनं कमी पडलेली छाती इथं कुणी मोजली नाही. बारा तास बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. टेकलं की गल्ल्यावरून मालक नुसता खाकरायचा. दिवाळीत सुट्टीचं नावही काढायचं नाही.

गावाकडं, साताऱ्याच्या बाजूला, धनाजी फौजेत होता. त्या गावात घरटी एक जवान. सुभेदार बाळासोंचा पोरगा भरतीत पडला, हे सांगायला त्याची जीभच रेटली नव्हती.

सकाळी वडिलांचा, आबांचा, फोन आला होता.

"थंडी हाय का रं?"

"लय हाय, आबा."

एसीखाली उभा होता. अगदीच खोटं म्हणता आलं नसतं.

"बरं. ताठ उभा ऱ्हा," म्हणून त्यांनी ठेवून दिला. आबा जास्त विचारत नसत. स्वतःच्या नोकरीबद्दलही बोलत नसत. तीस वर्षं सरहद्दीवर काढली. दिवाळी सरली की घरी यायचे, आईला कँटीनची साडी आणायचे आणि थंडीनं गेलेले गुडघे चोळत बसायचे. घरातल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा तेच घालत. मिलिटरीची शिस्त.

आईमागून चंद्राबाई आत आल्या. आष्ट्याच्या. क्रांतीची आई, म्हणजे धनाजीची होणारी सासू. आज लग्नाचा बस्ता बांधायचा होता, हे त्याला ठाऊक होतं. पण इस्लामपुरात बांधणार, असं कळलं होतं.

त्यानं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"हाच शालू बघू," चंद्राबाई गादीवर बसत म्हणाल्या. "आमची क्रांती बी एवढीच उंच हाय."

"तोंडावरचा पदर काढ की रं," आई म्हणाली.

धनाजीनं मान हलवली. शेजारी साड्या दाखवणारा मल्हार मदतीला धावला. "नवी नवरी हाय, मावशी. सासूम्होरं कशी काढंल?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मालक हसला.

आईनं काठ चाचपला. तिची बोटं त्याच्या पोटावरून फिरली. "माझं लेकरू तिकडं बर्फात. बायकोचा शालू बघाया बी न्हाई नशिबात."

"म्हणून तर पोरगी दिली, विहीणबाई. दुकानात-बिकानात असता, तर उंबरा चढू दिला नसता. आमी वर्दीला पोरगी दिलीया."

पदराआड धनाजीला घाम फुटला. एसी चालूच होता.

"सुभेदार भाईर का बसल्यात?" चंद्राबाईंनी विचारलं.

"साडीच्या दुकानाची पायरी चढत न्हाईत ते. माझ्यासंगं कवाच आलं न्हाईत. मिलिटरीचा माणूस."

"असं कसं? पोराच्या लग्नाचा शालू हाय!" चंद्राबाई उठल्या आणि त्यांना घेऊनच आल्या.

आबा दारात उभे राहिले. पांढऱ्या मिशा, कडक टोपी. धनाजी झटकन मागं सरला. पट्ट्यात खोचलेल्या निऱ्या सुटल्या आणि पदर घसरून खांद्यावर आला.

बायका तेवढ्यात मल्हारपुढच्या पैठण्यांवर वाकल्या होत्या. पाहिलं ते फक्त आबांनी.

आता ओरडतील. लग्न मोडेल. गावात आबांना टोपी घालून फिरायची सोय उरणार नाही. आणि एवढ्या गोंधळात शालू चुरगळू नये, असंही धनाजीला वाटलं.

आबा जवळ आले. पदर उचलून त्यांनी पुन्हा त्याच्या तोंडावरून ओढला. सुटलेल्या निऱ्या एका हाताच्या बोटांवर झरझर घेतल्या, सात, सगळ्या सारख्या, आणि पट्ट्यात खोचल्या. गादीवर उघडी पडलेली एक साडी उचलली, टोक हनुवटीखाली धरलं, एक झटका दिला. घडी.

"टेक जरा भिंतीला," ते ओठ न हलवता म्हणाले. "मी आडवा हाय, मालकाला दिसायचं न्हाई. गुडघं सांभाळ. माझं असंच गेलं."

धनाजी टेकला.

गल्ल्यावर मालक खाकरला. दोघंही ताठ उभे राहिले.